शनिवारचा खेळ: काय बघताना काय खायचं, याच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १ जून २०२४

वही चिरंजीवांची, विज्ञानाची. मागची चाळीस पानं कोरी होती, रद्दीत कशाला घालायची?

निमित्त असं झालं, की गेल्या महिन्यात आम्ही चौघं मल्टिप्लेक्सला गेलो. तिकिटांपेक्षा खाण्याचं बिल जास्त झालं. शिवाय मध्यंतरात मी रांगेत उभी, आणि ट्रे घेऊन अंधारात खुर्ची शोधेपर्यंत नायकाचा भाऊ मेलेला. तो कसा मेला ते मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. घरी येऊन जाहीर केलं: गणपतीपर्यंत दर शनिवारी रात्री आठचा खेळ घरीच. एकूण चौदा शनिवार. कधी सिनेमा, कधी गाणं. आणि खाणंपिणं त्याला साजेसं, वेफर्सची पिशवी फोडून मोकळं व्हायचं नाही.

अटी तीन. एका खेळाला तीनशे रुपये. बाहेरचं आणायचं तर गिरगावात चालत जाऊन मिळेल तेवढंच. आणि प्रत्येक खेळाची नोंद त्याच रात्री, भांडी घासायच्या आधी.

प्रेक्षक: मी, नवरा, चिरंजीव (वय १५) आणि बाबा, म्हणजे माझे सासरे (वय ७९, उजव्या कानात मशीन). थिएटर: चाळीतली दीड खोली. गॅलरीचं दार लावलं तर जीव उकडतो, उघडं ठेवलं तर समोरच्या काकूंच्या मालिकेतली सासू आमच्या सिनेमात बोलते.

आजचा तर्क सरळ होता. जसा विषय तसं खाणं. मुंबईवरचा सिनेमा, म्हणून चौपाटीवरून भेळ. निकाल: अंधारात कुरमुरे सांडले, चटणी उशीच्या अभ्र्याला लागली, आणि मध्येच बाबांनी मशीन काढून खिशात टाकलं. शेवटी विचारलं, "ती बाई कोण होती?" ती नायिका होती.

शनिवार, ८ जून

समुद्रावरचा सिनेमा, म्हणून ओले बोंबील, असं मी मंगळवारीच ठरवून टाकलं होतं. बाजारात कोळीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुंबईत नवीन आले आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, एकसष्ट दिवस. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण प्रकल्पाच्या उत्साहात माणूस कॅलेंडर बघत नाही. "सुके न्या ताई," त्या म्हणाल्या. बर्फातलं काहीतरी होतं, पण त्याचे डोळे बघून मीच मागे फिरले.

सुके बोंबील भाजले. वास तीन मजले चढला. वरच्या मजल्यावरचे लोक शाकाहारी आहेत, त्यांनी खिडकी आपटून बंद केली, तो आवाज मात्र सिनेमात छान मिसळला.

खरी अडचण वेगळीच निघाली. सिनेमा परदेशी, खाली अक्षरं. ताटाकडे बघावं तर वाक्य जातं, वाक्य वाचावं तर घास चुकतो. नवऱ्याने अर्धा सिनेमा मान वरखाली करत बघितला, झोपताना मानेला बाम लावला. म्हणजे खाली अक्षरं असतील तेव्हा खाणं असं हवं, की न बघता, एका हाताने, एका घासात तोंडात जाईल. सुरळीची वडी, छोटी इडली, अळूवडीचा काप. भाकरी मोडायची, काटा काढायचा, कांदा बुक्कीने फोडायचा असले उद्योग बाद.

ओल्या बोंबलाचा प्रयोग १ ऑगस्टनंतर करायचा. लिहून ठेवते.

शनिवार, १५ जून

आज गाणं. माळ्यावरून बाबांचा रेकॉर्ड प्लेअर काढला. सुई गेलेली होती, ती लॅमिंग्टन रोडवर दोन दुकानं पालथी घालून मिळाली. खेळाची वेळ बदलून सव्वासातची केली, कारण रेकॉर्ड मारवा रागाची होती आणि मारवा सूर्यास्ताचा. या दिवसांत मुंबईत सूर्य साधारण तेव्हाच मावळतो. ढगांमुळे दिसला नाही, पण गॅलरीतला उजेड उतरत होता तेवढा पुरे.

काय द्यायचं यावर बाबांनी माझा सल्ला विचारातच घेतला नाही. "गाण्याला कॉफी. जायफळाची. आणि मध्यंतरात." लक्ष्मीबागेतल्या मैफलींना ते तरुणपणी जायचे, तिथला शिरस्ता. गाणं चालू असताना कपबशी वाजवणारा माणूस त्यांच्या हिशेबात वाया गेलेला.

मी म्हटलं, बाबा, घरच्या रेकॉर्डला कसलं मध्यंतर? तर आहे की. एलपी मिनिटाला सव्वातेहेतीस फेऱ्यांनी फिरते… चिरंजीवांनी दुरुस्त केलं, तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. मग उठून उलटावीच लागते. मी पहिली बाजू संपायला पाच मिनिटं असताना दूध तापत ठेवलं, सुई उचलली तेव्हा कॉफी कपात होती. दुसरी बाजू लावेपर्यंत कप रिकामे. कोणी काही बोललं नाही, कोणाचा फोन बाहेर आला नाही. मारव्यात पंचम, म्हणजे प, नसतो, त्यामुळे आत काहीतरी टांगून ठेवल्यासारखं वाटत राहतं. ती कॉफी त्याला बरोबर पोचली.

बाबांच्या लहानपणी ७८च्या तबकड्या होत्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. "तेव्हा काय प्यायचात?" असं चिरंजीवांनी विचारलं. "तेव्हा तबकडी उलटायचो," असं उत्तर आलं.

खर्च: सुई धरली तर अट मोडली. सुई धरत नाही.

शनिवार, २२ जून

पॉपकॉर्न. बाजूला ठेवलं होतं, कारण मल्टिप्लेक्सचा राग. पण न्याय करायला हवा.

मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओल असते. दाणा १८० अंशांच्या आसपास तापला, की आतल्या वाफेच्या दाबाने टरफल फुटतं आणि पिठूळ भाग उलटून बाहेर येतो. आमची बरणी पावसाळी हवेत अर्धी उघडी राहिली होती, तर तिसरा हिस्सा दाणे तळाशी नुसते काळे होऊन बसले. ओल कमी झाली तरी फुटत नाहीत आणि जास्त झाली तरी धड फुलत नाहीत. मीठ-हळद-तूप. हळदीने बोटं पिवळी, बोटांनी रिमोट पिवळा.

पण एक कळलं. हे थिएटरात टिकलं ते चवीमुळे नव्हे. एका हाताने खाता येतं, बघावं लागत नाही, आणि चावलं तरी वेफरइतकं वाजत नाही. अमेरिकेत मूकपटांच्या काळात बऱ्याच थिएटरवाल्यांना ते आत नको होतं. पडदा बोलायला लागला आणि १९३०च्या दशकातल्या मंदीत स्वस्त खाऊचे पैसे दिसले, तेव्हा दारं उघडली. पडद्याला तोंड फुटल्यावर प्रेक्षकाच्या तोंडाचाही आवाज खपून गेला, असं मी आपलं समजते.

यावर बाबांनी गिरगावची बाजू मांडली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला तो कॉरोनेशनला, गिरगावात. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली लागला तो मॅजेस्टिकला, तोही गिरगावात. "मुका इथे, बोलका इथे. आणि तुम्ही सिनेमा बघायला जाता मॉलमध्ये."

शनिवार, २९ जून

आजची नोंद लांब होणार.

ठरलं होतं असं, की सगळ्यांना पाठ असलेला सिनेमा लावायचा. 'अशी ही बनवाबनवी', १९८८चा. आमच्या घरात तो कोणी ऐकत नाही, सगळे एक वाक्य आधी बोलतात. म्हणून म्हटलं, आज कुरकुरीत चालेल. बटाट्याचे वेफर्स आणले, पण शुक्रवारीच पिशवी फोडून कोणीतरी (नाव लिहीत नाही, वही त्याचीच आहे) रबर न लावता ठेवून दिली. पावसाळा. रात्रीत सगळे सादळले.

मी फेकायला निघाले होते, तोवर बाबांनी एक उचलून खाल्ला. "बरे आहेत की."

मी खाल्ला. मऊ. नवऱ्याने खाल्ला. "चामडं आहे."

बाबा म्हणाले, "तुमचे दात गेलेत." कवळी बाबांची आहे, हे सांगायला हवं.

चिरंजीवांचं डोकं अशा वेळी चालतं. "आजोबा, मशीन काढून खा." बाबांनी मशीन काढलं, दुसरा वेफर तोंडात टाकला, दोनदा चावला आणि थांबले. मशीन परत लावलं. तिसरा खाल्ला. मग माझ्याकडे असं बघितलं, की मी पंचवीस वर्षं त्यांना फसवत आले आहे. "हे सादळलेत गं."

मुलाने मग शोधून काढलं. ऑक्सफर्डमधले चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झांपिनी यांनी नेमका हाच प्रयोग केलेला आहे. माणसाच्या तोंडासमोर माइक, कानाला हेडफोन, आणि त्याच्याच चावण्याचा आवाज त्याला परत ऐकवायचा. त्यातला उंच पट्टीचा भाग वाढवला, की तोच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटतो. त्यांना २००८ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन असेल तर देतात ते. बाबांचं मशीन तेच करतं. वयाने पहिली जाते ती उंच पट्टी, आणि मशीन तीच वाढवून देतं.

"म्हणजे मला शिळं खायला घालायचा परवाना मिळाला तुम्हाला," बाबा म्हणाले.

हसून झाल्यावर मला १ जूनची भेळ आठवली. बाबांनी मशीन काढलं होतं, ते कंटाळून नव्हे. क, त, स, श ही व्यंजनं जिथे ऐकू येतात, त्याच उंच पट्टीत कुरमुरा आणि शेव वाजते. आणि आपण चावतो तो आवाज नुसता हवेतून फिरून येत नाही, जबड्याच्या हाडातूनही थेट कानात जातो. टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, घास आतून बोलत असतो. आपल्याला सवय असते, मेंदू ते झाकून टाकतो. बाबांना मशीनमधून बोलणं आणि कुरकुर दोन्ही मोठं होऊन येतं. शेजारी बसून मी चिवडा खात असले तरी.

म्हणजे चार आठवडे मी विषय जुळवत बसले होते. आधी बघायला हवं होतं ते या खोलीत काय वाजतं ते.

शनिवार, ६ जुलै

वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने केले. वाजणारं आणि न वाजणारं.

वाजणारं: चकली, कडबोळी, चिवडा, शेव, पापड, भाजलेले शेंगदाणे, काकडी (ही सगळ्यांत वाईट), बर्फ ग्लासात, वेफरची पिशवी. पिशवी वेफरपेक्षा जास्त वाजते, म्हणून काहीही असलं तरी आधी डब्यात काढायचं. न वाजणारं: उपमा, ढोकळा, दडपे पोहे (शेंगदाणे न घालता, आणि मग ते दडपे पोहे राहतात का हा वेगळा वाद), खरवस, घावन, केळं, शिरा.

सिनेमाचेही दोन ढीग. पाठ असलेले किंवा मारामारीचे, तिथे वाजू दे. कुजबुजणारे, तिथे नाही.

फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं. पंखा ५२ डेसिबल, टीव्ही ६०, पत्र्यावरचा पाऊस ६६, चिरंजीव चकली खाताना एक फुटावरून ५८. फोनचं माप काही खरं नव्हे, पण पाऊस टीव्हीला हरवतो एवढं त्याच्याशिवायही कळत होतं.

दुसरा खेळ कॉफीचा. ऑक्सफर्डच्याच मंडळींनी २०१२ साली टॉफी खायला देऊन दाखवलं होतं, की खालच्या पट्टीचं संगीत लावलं तर तीच टॉफी कडवट वाटते आणि वरच्या पट्टीचं लावलं तर गोड. आम्ही बिनसाखरेची कॉफी एकाच पातेल्यातून दोनदा दिली, एकदा तंबोऱ्याच्या खर्जावर, एकदा बासरीवर. काकूंना धरून पाच जण. तिघांना बासरीबरोबरची कमी कडू लागली, नवऱ्याला दोन्ही सारख्या वाईट लागल्या, काकूंनी दुसऱ्यांदा गुपचूप साखर घातली. पाच माणसांचा प्रयोग म्हणजे प्रयोग नव्हे, ते ठीक. पण तेव्हापासून सकाळच्या चहाला मी बासरी लावते.

सोमवार, ८ जुलै

खेळ नाही. रात्रभरात काही भागांत सहा तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. लोकल ठप्प, शाळेला सुट्टी, आम्ही घरी. गॅलरीत खुर्च्या ओढून बसलो. पिठलं-भात, वर कच्चं तेल. या पावसाला लावायला काही शोधलं नाही.

सोमवार, १५ जुलै

कांदेनवमी. परवा एकादशी, मग चातुर्मास. आमच्याकडे बाबा कांदा-लसूण सोडतात, त्यामुळे आज कांद्याचा निरोपसमारंभ. शनिवारचा खेळ आजवर ढकलला होता. लावण्या आणि कांदाभजी. ढोलकी असताना काय वाजतंय कोण ऐकतो, म्हणून दोन्ही वाजणाऱ्या रकान्यातलं.

बेत उत्तम जमला असं तिघांचं मत. चौथी स्वयंपाकघरात होती. भजी गरम हवीत म्हणून मी घाणे काढत राहिले, ते खात राहिले. पाच लावण्या झाल्या, मला फक्त ढोलकी ऐकू आली, तीही एक्झॉस्ट पंख्याच्या वरून. शेवटचा घाणा घेऊन बाहेर आले तर नवरा म्हणाला, "अगं काय अदा होती, तू बघायला हवी होतीस."

त्याच्याकडे बघितलं. त्याला कळलं.

नोंद, लाल शाईने: जी तळते तिचा खेळ बुडतो. पडदा चालू असताना गॅस बंद. मल्टिप्लेक्समध्ये नायकाचा भाऊ मला न सांगता मेला, तो प्रकार घरात चालणार नाही.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. 'संत तुकाराम', प्रभातचा, १९३६चा. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम. आमच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून जास्त चालला, व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. बाबांच्या वडिलांनी तो सेंट्रललाच बघितला होता. ही माहिती मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून आहे.

साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा कूट. कूट, दाणे नव्हेत. दोन्ही खिचडीच, पण एक वाजते. सगळं आधी करून, झाकून, मग लावला. खिचडी कोमट झाली, चिकटली थोडी, कोणी कुरकुर केली नाही. बाबांनी मशीन एकदाही काढलं नाही. अभंग सुरू झाला की चमचा ताटलीत ठेवून द्यायचे आणि संपला की परत उचलायचे. खिचडी संपायला दोन तास लागले.

शनिवार, २७ जुलै

लाल शाईची अट आणि गरम वडा, दोन्ही कसं साधायचं? उत्तर कोणाही मराठी माणसाला माहीत असतं: शिवाजी मंदिर, दुसरी घंटा, बटाटेवडा. नाटकाला मध्यंतर असतं, मैफलीला असतं, एलपीलाही असतं. फक्त घरातल्या सिनेमाला आपण ते काढून टाकलं आणि मग जो तो आपापल्या वेळेला उठून सगळ्यांचा रस घालवतो.

आपल्या सिनेमात मध्यंतर लिहिलेलंच असतं, बाहेरच्यात नसतं. चिरंजीव म्हणाले, बरोबर मध्यावर थांबवू. थांबवलं. त्या क्षणी पडद्यावर एक माणूस गच्चीच्या कठड्याला लोंबकळत होता. पंधरा मिनिटं तो तसाच लोंबकळला आणि वडा कोणालाच गोड लागला नाही.

मग दुसरी रीत ठरली. मध्याच्या आसपास सिनेमातलं कोणी दार लावून बाहेर पडलं, झोपलं किंवा जेवायला बसलं, की आपणही उठायचं. हे आधी बघून ठेवायचं काम माझं. त्यामुळे मला गोष्ट थोडी आधी कळते, आणि ते मला मुळीच वाईट वाटत नाही.

वेळेचा हिशेब: गोळे संध्याकाळीच वळून ताटात, ओल्या फडक्याखाली. पीठ भिजवून तयार. थांबण्याआधी पाच मिनिटं नवऱ्याने उठून मंद आचेवर तेल ठेवायचं (गॅस बंदच्या अटीला ही एक सूट, आणि ती मला लागू नाही). कढईत चार वडे मावतात, एक घाणा साडेतीन-चार मिनिटांचा. आठ वडे आठ मिनिटांत. पाव चिरंजीव कापतात, चटणी बाबांकडे, कारण त्यांना लसूण चालत नसली तरी दुसऱ्यांना किती द्यायची यावर त्यांचं मत असतं. त्यांचे दोन वडे बिनलसणीचे, पहिल्या घाण्यात. पंधराव्या मिनिटाला सगळे जागेवर. तेल झाकलेलं, मी पलंगावर, पाय वर.

शनिवार, ३ ऑगस्ट

उद्या गटारी, म्हणून नवऱ्याचे दोन मित्र आजच उगवले. मटण सुकं, बिअर, आणि धडाधड गोळ्या सुटणारा सिनेमा. बाबा काकूंकडे मालिका बघायला गेले, स्वखुशीने.

मटण तिखट झालं होतं, माझीच चूक. एका मित्राने आग विझवायला बिअर घटाघटा प्यायली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, आणि दारू तर जिभेवरच्या त्याच जागेला डिवचते जिथे मिरची डिवचते. वर सोड्याचे बुडबुडे टोचतात. त्याला ताक दिलं. दुधातलं केसीन ते तिखट धरून खाली नेतं. सोलकढीने थोडं निभावतं, नारळाच्या दुधात स्निग्धांश असतो म्हणून, पण ताकाची बरोबरी नाही. दोन पेले ताक पिऊन तो म्हणाला, "वहिनी, बिअरचे पैसे फुकट गेले."

दुसरी गोष्ट मी मुद्दाम तपासली. आवाज फार मोठा असला की गोड कमी लागतं, टोमॅटो, सुकी मासळी यांची मांसल, रसरशीत चव मात्र टिकते, उलट वाढते. विमानात लोक टोमॅटोचा रस मागतात त्यामागे हेच आहे म्हणतात. कॉर्नेलमध्ये २०१५ साली ८५ डेसिबलच्या गोंगाटात हे तपासलं होतं. म्हणून आज सुकटाची चटणी भाकरीच्या छोट्या तुकड्यांवर लावून ठेवली होती, आणि शेजारी रव्याचे लाडू. चटणी पहिल्या अर्ध्या तासात संपली. लाडू आठ ठेवले होते, आठ उरले. लाडू मी केले होते म्हणून की गोळ्यांच्या आवाजामुळे, ते तपासायला शांत सिनेमाबरोबर परत ठेवून बघायला हवेत.

रविवारी दुपारी, टीव्ही बंद असताना, सात गेले. लाडवांवर आळ नाही.

ओले बोंबील: बंदी उठली. पण परवापासून श्रावण.

शनिवार, १० ऑगस्ट

'जैत रे जैत', १९७७चा, जब्बार पटेलांचा. ठाकरांची गोष्ट, डोंगरावरच्या मधमाश्यांची, आणि गाण्यांवर चालणारी. नाचणीची भाकरी आधीच मोडून तुकडे केलेली, वाटीत महाबळेश्वरचा मध, लोण्याचा गोळा.

विषयावरून जुळवणं मी जूनमध्येच मोडीत काढलं होतं. पण आज ते लागलं, आणि लागलं ते मध माशीचा म्हणून असेलही, पण मध वाजत नाही, थंड होत नाही आणि बोटाने चाटता येतो, हे जास्त खरं. चिरंजीवांनी शेवटी वाटी तोंडाजवळ नेऊन जीभ घातली. अंधारात कोणी बघत नाही असा त्याचा समज.

गोधडीला मध लागला. मुंग्या रविवारी सकाळी सातला आल्या, वेळेवर.

शनिवार, २४ ऑगस्ट

गेल्या शनिवारी खेळ झाला, लिहिण्यासारखं काही नाही. ढोकळा.

आज समोरच्या काकूंनी स्वतःहून विचारलं, आम्ही यायचं का. त्यांना म्हटलं, मालिका? त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मध्यंतराला काय असतं ते वासावरून रोज ओळखत बसायचं का?" रोज नाही हो, शनिवारी. त्या पंचखाद्याचा डबा घेऊन आल्या. खोबऱ्याचे काप, खडीसाखर, दोन्ही कडाकडा वाजणारं. सिनेमा कुजबुजणारा. मी रकान्याची वही काढणार होते, पण बाबांनी मशीन काढून खिशात टाकलं आणि मूठभर पंचखाद्य घेतलं. मध्यंतरात त्यांना विचारलं, गोष्ट कळतेय का? म्हणाले, "गोष्ट तू सांग. ही खडीसाखर बघ, मी लहान असताना अशी मिळायची."

मग मी भजी न तळता पंधरा मिनिटं गोष्ट सांगितली. काकूंनी दुरुस्त्या सुचवल्या.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

माझी हरतालिका, त्यामुळे खाण्याविषयी आज काही लिहीत नाही. चौदापैकी तेरा खेळ झाले. ३१ ऑगस्टला चिरंजीवांची दुसऱ्या दिवशी चाचणी होती.

उद्या गणपती. मखर दरवर्षी टीव्हीच्या कोपऱ्यात असतं, म्हणून टीव्ही भिंतीवरून काढून पलंगाखाली सरकवला. रेकॉर्ड प्लेअर बाबांनी माळ्यावर जाऊ दिला नाही, तो आरतीच्या पुस्तकांशेजारी बसलाय. ओले बोंबील आता विसर्जनानंतर.

टीव्हीचं टेबल पुढे ओढलं, तर मागे भिंतीला चिकटून शेव, एक कैरीची फोड काळी झालेली, आणि सतरा कुरमुरे. चिरंजीवांनी मोजले. एक उचलून बाबांपुढे धरला आणि म्हणाला, "आजोबा, मशीन लावून बघता का?"